माइक लावण्याआधी एक कागद : सोलापूरच्या गीतनिर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व गीतनिर्माते, म्युझिक कंपनीवाले आणि यूट्यूब चॅनेलचालक यांस,

विषय : गाण्याच्या ऑनलाइन उत्पन्नात गीतकार, संगीतकार, संयोजक (वाद्यमेळ रचणारा), गायक आणि वादक यांचा हिस्सा.

स.न.वि.वि.

चादर विणणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. ती पुरेशी असते का, हा वेगळा विषय. पण चादर एकदाच विकली जाते, म्हणून मजुरीही एकदाच. गाण्याचे तसे नाही. आषाढीला निघालेला अभंग पुढच्या दहा आषाढ्या वाजतो, स्वामींची आरती रोज पहाटे वाजते आणि प्रत्येक वेळी कुठेतरी चार-दोन पैसे जमा होतात. तरीही ढोलकीवाल्याचा हिशेब आपण चादरीसारखाच करतो. शिफ्ट संपली, पाकीट दिले, विषय मिटला.

हे पत्र आम्ही वादक, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि या धंद्याचे हिशेब पाहणारे मिळून लिहीत आहोत. पैसे कमी मिळतात म्हणून परदेशी कंपन्यांना शिव्या घालणे सोपे आहे, आणि त्यातल्या काही शिव्या रास्तही आहेत. पण सोलापुरात रेकॉर्ड झालेल्या गाण्याचा पैसा स्पॉटिफायच्या स्टॉकहोममध्ये अडण्याआधी आपल्याच स्टुडिओच्या दारात अडतो. कोणी काय लिहिले, कोणी काय वाजवले, कोणाचा किती वाटा, हे कुठेच लिहून ठेवलेले नसते. आमची मागणी एवढ्यापुरतीच आहे.

आधी पैसा येतो कसा, ते पाहू. कारण पुष्कळ चॅनेलचालकांनाही ते पुरते ठाऊक नसते. स्पॉटिफाय एका ऐकण्याला ठरलेला दर देत नाही. वर्गणी आणि जाहिरातींच्या उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कदारांसाठी बाजूला निघतो, आणि एकूण ऐकण्यात तुमच्या गाण्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम वितरकामार्फत (तुमचे गाणे ॲपवर चढवणारी कंपनी) तुमच्याकडे येते. ३० सेकंद ऐकले की एक ऐकणे मोजले जाते. २०२४ पासून आणखी एक अट आली आहे : मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही.

या दोन नियमांचा फटका आपल्या जिल्ह्यातल्या गाण्यांना फार बसतो. पंचवीस मिनिटांचा हरिपाठ एकाच ट्रॅकमध्ये चढवला, तर पूर्ण ऐकणाऱ्याचेही ते एकच ऐकणे, चार मिनिटांच्या गाण्याएवढेच. तोच हरिपाठ अभंगागणिक वेगळा करून अल्बम म्हणून चढवला तर प्रत्येक अभंग वेगळा मोजला जातो. उलट, एका जयंतीगीताचा डीजे मिक्स, स्लो, कराओके, ‘ढोल स्पेशल’ असे सहा अवतार काढले की ऐकणारे सहा ठिकाणी वाटले जातात आणि सहाही हजाराच्या आत राहतात. असे गाणे चालले नाही म्हणून नव्हे, आपणच त्याचे तुकडे केले म्हणून रिकामे राहते.

यूट्यूबचे गणित निराळे आहे. जाहिरातींचे उत्पन्न सुरू व्हायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे लागते (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात, शॉर्ट्समधले ४५ टक्के. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मध्येही जाहिरात लावता येते. म्हणून अख्खा हरिपाठ यूट्यूबवर सलग ठेवा आणि ऑडिओ ॲपवर तोडून चढवा. याचा फायदा आधी तुम्हालाच आहे, म्हणून हक्काने सांगतो.

आता खरी गोम. एका गाण्याचे उत्पन्न एकाच खिडकीतून येत नाही. चॅनेलच्या जाहिराती ही पहिली. वितरकामार्फत स्पॉटिफाय, जिओसावन वगैरे ही दुसरी. वितरक यूट्यूबवरही आपोआप ‘टॉपिक’ चॅनेल तयार करतो, त्याचा पैसाही याच वाटेने येतो. तिसरी यूट्यूबची कंटेंट आयडी : लोकांनी तुमचे गाणे लावून चढवलेल्या व्हिडिओंवरचा हिस्सा. चौथी इन्स्टाग्राम-फेसबुकवरचा वापर, पाचवी कॉलर ट्यून. आणि गीत-चालीचा पैसा यापासून वेगळा, तो आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीकडून येतो. कलाकाराने विचारले की त्याला बहुधा पहिल्या खिडकीचा स्क्रीनशॉट दाखवला जातो. बाकीच्या खिडक्यांचे रिपोर्ट दोन-तीन महिने उशिरा येतात, आणि तोवर विचारणारा दुसऱ्या गाण्याच्या शिफ्टला बसलेला असतो.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण आपल्या कामाची दुरुस्ती २०१२ ची. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क तुमच्या नावे केले, तरी रॉयल्टीतला तुमच्याइतकाच वाटा घेण्याचा त्यांचा अधिकार संपत नाही. तो सोडून देतो असे लिहून घेतले तरी ते लिहिणे निरर्थक ठरते. गायक-वादकांना कलम ३८ पासून पुढे स्वतंत्र हक्क आहेत : सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क, आणि हा हक्क ५० वर्षे टिकतो. ‘स्टुडिओतले गाणे-वाजवणे म्हणजे लाइव्ह सादरीकरण नव्हे’ हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्येच बाजूला ठेवला : कोणतेही सादरीकरण पहिल्यांदा लाइव्हच होते, मग ते श्रोत्यांसमोर असो की माइकसमोर.

त्याच दुरुस्तीत चित्रीकरणाबद्दल एक तळटीपेसारखी ओळ आहे, ती वादकांना महागात पडू शकते. ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आणि ज्याचे नाव धंद्याच्या रीतीप्रमाणे श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला चित्रपटाच्या बाबतीत ‘कलाकार’ धरले जात नाही. गाण्याचा व्हिडिओही कायद्याच्या भाषेत चित्रपटच. म्हणजे व्हिडिओखालच्या वर्णनात ‘ढोलकी : अमुक, बासरी : तमुक’ अशी ओळ टाकणे हे नुसते सौजन्य राहत नाही. तुम्ही मेकअप, ड्रोन आणि चहा-नाश्ता व्यवस्थेची नावे टाकता. तिथे हलगीवाल्याला जागा नसते, याचे नवल वाटते.

दर कोण ठरवणार, असे काहीजण विचारतात. रेडिओ-टीव्हीसाठी वैधानिक परवान्याची (मालकाच्या संमतीवर न अडता ठरलेल्या दराने गाणे वाजवण्याची) तरतूद आहे, तिथे दर ठरवून मागता येतो. इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ती तरतूद लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम केले. सरकारी दरपत्रक इथे नाही. आपसातला करार हेच दरपत्रक.

त्या कराराचा कागद एका पानाचा पुरतो, पण त्यात काय हवे ते नीट सांगतो. अर्धवट कागद नसलेल्या कागदापेक्षा जास्त भांडणे लावतो.

गाण्याचे नाव, रेकॉर्डिंगची तारीख, स्टुडिओ. प्रत्येकाचे आधार-पॅनवरचे नाव आणि शेजारी प्रचलित नाव. शाहिराला गाव एका नावाने ओळखते आणि बँक दुसऱ्या. कोणाचे काम काय : गीत, चाल, संयोजन, गायन, कोरस, कोणते वाद्य, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग. रेकॉर्डिंगच्या दिवशी दिलेली बिदागी किती, आणि ती हिस्स्यापोटी उचल आहे की वेगळी मजुरी, हे अक्षरी. हक्क कोणते दिले, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी. हे मोघम ठेवण्यात तुमचेच नुकसान आहे : मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो, आणि दुबई-सिंगापूरच्या मराठी मंडळांत वाजणारे गाणे तुमच्या कागदाबाहेर राहते. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर, कागदावर वेगळे लिहिले नसेल, ते परत जातात. शेवटी हिस्से टक्क्यांत, बेरीज शंभर. बेरीज करून पाहा. उत्साहाच्या भरात ती एकशे दहा झालेली असते आणि वितरकाच्या हिस्से-वाटपाच्या फॉर्ममध्ये अडकल्यावरच लक्षात येते. वारसाचे नावही याच कागदावर हवे. आवाजाची कृत्रिम नक्कल करण्याचा हक्क या करारात दिलेला नाही, अशी एक ओळही घाला. आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका नामवंत गायकाला अंतरिम संरक्षण दिलेले आहे.

सह्या माइक लावण्याआधी. डबिंग झाल्यावर सही मागणे म्हणजे जेवण झाल्यावर दर विचारणे.

तुमची अडचण आम्हाला माहीत आहे. दहातली सात-आठ गाणी खर्चही काढत नाहीत असे तुम्ही म्हणता, ते आम्ही खोटे म्हणत नाही. म्हणूनच आम्ही जास्त बिदागी न मागता हिस्सा मागतो. गाणे पडले तर हिस्स्याचा तुम्हाला एक रुपयाही भुर्दंड नाही.

उदाहरण म्हणून, समजा एका गाण्याचा पावत्यांसह खर्च ३०,००० रुपये आला : स्टुडिओ, बिदागी, चित्रीकरण, पोस्टर, जाहिरात. पहिल्या वर्षी चॅनेलचे १८,००० आणि वितरकाकडचे ७,००० असे २५,००० आले. सगळे तुमचे, ५,००० वसूल व्हायचे राहिले. दुसऱ्या वर्षी २०,००० आले. त्यातून ५,००० वजा, उरले १५,०००. निम्मे, म्हणजे ७,५००, निर्मात्याचे. उरलेल्या ७,५०० मध्ये गायकाचे २,५००, गीतकार आणि संगीतकार यांचे १,००० प्रत्येकी, संयोजकाचे १,०००, आणि चार वादकांचे ५०० प्रत्येकी. आयपीआरएसकडून येणारा गीत-चालीचा पैसा यात धरलेला नाही. तो ज्याचा त्याच्या खात्यात थेट जायला हवा. हे प्रमाण दगडावरची रेघ नव्हे. गाण्यात बासरीच बोलत असेल तर बासरीवाल्याला जास्त द्या. पण काहीतरी आकडा लिहा.

पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप? वादक एका गाण्यात नसतो. वर्षाला चाळीस गाण्यांत वाजवणाऱ्याच्या हातात असे पाचशे रुपये चाळीस ठिकाणांहून आले तर ते २०,००० होतात, आणि पुढच्या वर्षी वसुलीची वजावट नसते. पावसाळ्यात कार्यक्रमांच्या सुपाऱ्या बंद असतात तेव्हा त्या रकमेची किंमत तुम्हाला सांगायला नको.

‘खर्च’ या शब्दावर मात्र आमचा डोळा राहील. पावती नसलेला खर्च, ऑफिसचे भाडे, दुसऱ्या पडलेल्या गाण्याचा तोटा या गाण्यात ओतणे, ही वसुली कधीच न संपण्याची नेहमीची कारणे आहेत. एका गाण्याचा खर्च त्याच गाण्यात.

सोलापूरची एक खास गोष्ट पुण्या-मुंबईच्या नमुना करारांत सापडत नाही. सिद्धेश्वरांच्या गाण्याचा म्युझिक ट्रॅक एकदाच वाजवून घेतला जातो आणि त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू अशी तीन डबिंग होतात. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तिन्ही वाजतात. गीतकार आणि गायक तिन्हींचे वेगळे, त्यांना वेगळी बिदागी. ढोलकी, पॅड, बेंजो, कीबोर्ड मात्र तेच, आणि त्यांचे पाकीट एक. आमचे म्हणणे असे की वादकांचा हिस्सा तिन्ही आवृत्त्यांच्या उत्पन्नात हवा. तिन्हींना वेगळा आयएसआरसी क्रमांकही घ्या (हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक). भाषेच्या रकान्यात खरी भाषा भरा. घाईत सगळीकडे ‘हिंदी’ निवडलेली गाणी आम्ही पाहिली आहेत. मराठी किंवा कन्नड प्लेलिस्टवाल्याला ती शोधून सापडणार कशी?

रकान्यांचेच बोलायचे तर पंढरपूरकडच्या गाण्यांत सर्वांत महाग चूक एका शब्दाची असते : ‘पारंपरिक’. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, तिथे गीतकाराच्या जागी तुकोबांचेच नाव योग्य. पण चाल नवी असेल तर संगीतकाराच्या रकान्यातही ‘पारंपरिक’ लिहिल्याने ज्याने ती बांधली त्याचे उत्पन्न कायमचे शून्यावर जाते. चाल खरोखर जुनी वारकरी असेल आणि नवे फक्त संयोजन असेल, तर तसे लिहा. दुसऱ्याच्या ठेव्यावर स्वतःचे नाव घालणेही तितकेच वाईट. गायकाच्या नावाचे रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा. एकाच माणसाची तीन स्पेलिंगे झाली की ॲपवर तीन माणसे होतात, आणि कधी गाणे त्याच नावाच्या चौथ्याच गायकाच्या पानावर जाऊन बसते.

कंटेंट आयडीत आपण दोन प्रकारे मार खातो. पहिला, उसन्या चालीचा. जयंतीचे किंवा गणपतीचे गाणे गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर बांधले की व्हिडिओवर त्या कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातीचा पैसा तिकडे वळतो. मग लाख व्ह्यूज असले तरी वाटायला काही नाही. नव्या चालीला संगीतकाराला दोन पैसे जास्त द्यावे लागतात, ते यातूनच वसूल होतात. दुसरा मार तयार लूपचा (पुन्हापुन्हा वाजणारा आयता तुकडा) : कीबोर्डमधली किंवा विकत घेतलेली लूप हजारोंनी वापरलेली असते. तिच्यावर उभे केलेले गाणे कंटेंट आयडीत घातले की तुमच्या नावाने अनोळखी लोकांच्या गाण्यांवर दावे लागतात, भांडणे होतात आणि वितरक गाणे बाहेर काढतो. खरी हलगी, खरी ढोलकी वाजवलेला ट्रॅक हा नुसता कानाला बरा लागतो असे नाही. तो दावा करण्याजोगा असतो.

फोनवरून होणाऱ्या चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. मोडनिंबच्या संगीतबारीतली बैठक, गावच्या सप्ताहातले कीर्तन, धनगरी ओव्यांचा फड : मोबाइलवर घेऊन चॅनेलवर चढवले आणि जाहिराती सुरू केल्या, असे सर्रास चालते. सादरीकरणाचे रेकॉर्डिंग करू द्यायचे की नाही हा हक्क कलाकाराचा आहे. खासगी वापर, शिकवणे, बातमी यांना सूट आहे; जाहिरातीच्या उत्पन्नाला नाही. बारीच्या मालकाने परवानगी दिली म्हणजे गाणाऱ्या बाईंनी दिली असे होत नाही.

जुन्या गाण्यांचे काय, हा प्रश्न येणारच. सगळ्यांचा हिशेब उकरणे शक्य नाही, हे आम्हालाही कळते. चॅनेलवरची सर्वांत जास्त चालणारी वीस गाणी घ्या. यूट्यूबवरचे वर्णन आजच दुरुस्त करता येते, त्याला खर्च नाही. वितरकाकडे नावे दुरुस्तीची विनंती करा. वितरक बदलत असाल तर नवीन ठिकाणी तोच ऑडिओ, तेच नाव, तोच आयएसआरसी देऊन गाणे आधी चढवा, ते दिसू लागल्यावर जुने उतरवा. नवा क्रमांक दिला तर ऐकण्याचे आकडे पुन्हा शून्यापासून. काही वितरक वार्षिक फी थकली की गाणी उतरवतात, त्यामुळे फीची तारीख कागदावर आणि गाण्यातल्या सगळ्यांना माहीत हवी. कॅसेटच्या काळातल्या करारांत स्ट्रीमिंगचा शब्द असणे शक्यच नव्हते. अशी गाणी स्वतःच्या नावाने चढवण्याआधी मूळ कलाकार किंवा त्यांचे वारस गाठा आणि नवा कागद करा.

कलाकारांच्या बाजूचे काम आम्ही करतो. जिल्ह्यातल्या गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचे सदस्यत्व घेऊन गाणी नोंदवावीत. नुसते सदस्य होऊन गाणीच न नोंदवल्यास पैसे येत नाहीत, ही नेहमीची चूक आहे. गायकांसाठी २०१३ मध्ये नोंदलेल्या इस्रा या सोसायटीत आता वादकांनाही जागा आहे आणि तिचे नाव इसाम्रा झाले आहे. तिचे अर्ज भरून देण्याची बैठकही आम्ही घेऊ. ज्यांच्याकडे पॅन नाही त्यांचे पॅन काढून देऊ, कारण पॅनशिवाय कपात १० टक्क्यांऐवजी २० टक्के होते आणि मग शंका तुमच्यावर येते.

तुमच्याकडून हवे ते असे. येत्या प्रत्येक नव्या गाण्याला वरचा कागद, प्रती सर्वांना. वर्षातून दोन हिशेब : ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च. सप्टेंबरपर्यंत चैत्रातला स्वामींचा प्रकट दिन, १४ एप्रिल आणि आषाढी यांचे रिपोर्ट आलेले असतात; मार्चपर्यंत नवरात्र, कार्तिकी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि गड्डा यांचे बरेचसे. हिशेबासोबत स्क्रीनशॉट नको, वितरकाची आणि ॲडसेन्सची (यूट्यूबच्या जाहिरातींचा पैसा देणारे गुगलचे खाते) मूळ फाइल हवी. शंभर रुपयांच्या आतली रक्कम पुढच्या हिशेबात ओढली तरी चालेल, पण वहीत दिसली पाहिजे.

कागदाचा मराठी, कन्नड आणि तेलुगू मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. तुमच्या वकिलाला दाखवा, खाडाखोड करा, परत पाठवा. गड्ड्याच्या गाण्यांची शिफ्ट नोव्हेंबरपासून सुरू होते. त्याआधी एकदा समोरासमोर बसू. जागा तुम्ही ठरवा, चहा आमच्याकडे.

कळावे,

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील वादक, संयोजक व ध्वनिमुद्रक